नसरीनच्या बारीतला चमचा

कुंदा, तुझा चमचा अजून माझ्या हातात आहे आणि तो माझा नाही.

तू गेलीस त्याला महिना होत आला. तुझी राख आम्ही पैठणला सोडली. तू नको म्हणाली होतीस. धरणाच्या खाली गोदावरीत पाणीच नसतं वहिनी, ती राख समुद्रापर्यंत जात नाही, मध्येच कुठंतरी वाळूत बसते, असं तू मला सांगितलं होतंस. पण तुझ्या दादांच्या गुडघ्यांत गोव्याच्या समुद्रापर्यंत जायची ताकद उरलेली नाही, आणि तुझ्या आबांची, सासूबाईंची, सगळ्यांची तिथंच सोडली म्हटल्यावर त्यांना दुसरी जागा सुचेना. रागवायचं असेल तर माझ्यावर रागव, त्यांच्यावर नको. चमच्याचं मात्र मी रीतीप्रमाणंच करायचं ठरवलंय. तेच जमेना झालंय, म्हणून लिहायला बसले.

पेपरांत तुझ्यावर, समुद्र मोजणाऱ्या बाईवर, लिहून आलं. कुठल्या परिषदांना गेलीस, कुठल्या देशांनी बोलावलं, ते सगळं बरोबर असावं. एकानं लिहिलंय की तुला लहानपणापासून समुद्राची ओढ होती. मी हसले, कुंदा, सुतकात हसले. तुझी ओढ मला ठाऊक आहे. पैठणच्या धरणाचा नाथसागर बघायला नेलं तर माझा पदर घट्ट धरून उभी राहिलीस आणि पाण्याकडे पाठ करून भेळ खाल्लीस. मासळीच्या वासानं तुला ओकारी यायची, ती शेवटपर्यंत यायची. जन्मभर माशांच्या मागं फिरलीस आणि एक मासा तोंडात घातला नाहीस. सासूबाई म्हणायच्या, "खात न्हाई तर मोजती कामून?"

मी बिडकीनची. लग्न होऊन औरंगाबादजवळच्या मुकुंदवाडीत आले तेव्हा तू शाळेत होतीस आणि मुकुंदवाडी अजून गाव होती. विमानतळाच्या बाजूचं रान अजून आपलं होतं. नणंद म्हणजे कान भरणारी, जपून राहा, असं मला माहेरून पढवून पाठवलं होतं. तू दुसऱ्याच दिवशी गणिताचं पुस्तक घेऊन चुलीपाशी आलीस आणि म्हणालीस, "वहिनी, तुला हे येतं का? नसंल येत तर सांग, मला बी येत न्हाई." तिथून आपली गट्टी. पुढं मी प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले, ती तू मागं लागलीस म्हणून. हे कुठल्या पेपरात आलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

आपल्या गल्लीची चमच्याची रीत आता सांगितली तर नव्या पोरांना थाप वाटेल. गल्लीत कुणी शेवटच्या घटकेला आलं की घरोघरची बारी लागायची. एका घरचं माणूस उशाशी बसायचं, चमच्यानं आजाऱ्याचे ओठ ओले करायचं, श्वासाकडे लक्ष ठेवायचं. उठताना चमचा जमिनीवर नाही, ताटलीत नाही, कुठंच ठेवायचा नाही. पुढच्या घरचा माणूस आला की त्याच्या हातात द्यायचा, त्यानं "घेतला" म्हणायचं, मगच उठायचं. ज्याच्या बारीत जीव जाईल त्याच्या घरी तो चमचा जायचा, गेलेल्याच्या घरात राहू द्यायचा नाही. आणि भांडण आहे म्हणून बारी चुकवायची नाही. बांधावरून कोर्टात गेलेली भावकीसुद्धा बारीला यायची, बसायची आणि उठून परत कोर्टात जायची.

रशीदमामूंचं घर आपल्या समोर होतं. रझाकारांच्या दिवसांत आबांच्या थोरल्या भावाला घरातून ओढून नेऊन मारलं, आणि घर दाखवणारा माणूस रशीदमामूंच्या नात्यातला होता. मग पोलीस अ‍ॅक्शन झाली, वारं फिरलं, आणि एका दुपारी लोक आले नि त्यांनी रशीदमामूंचं घर पेटवलं. आबा आपल्या दारात उभे होते. पेटवणाऱ्यांत ते नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं नाही आणि पाऊलही पुढं टाकलं नाही, नुसते बघत राहिले. पुढं ते घर परत उभं राहिलं, रशीदमामू परत त्याच ओट्यावर बसायला लागले, पण त्या दोन माणसांत तीस वर्षं शब्द झाला नाही. हे मला सासूबाईंनी सांगितलं, तेही एकदाच.

आबा अंथरुणाला खिळले तेव्हा मी घरात नवीन होते. बारी लागली, एकामागून एक घर येत गेलं, आणि एका दुपारी बघते तर रशीदमामू दारात. सासूबाईंचा चेहरा मला अजून दिसतो. पण कुणी अडवलं नाही, अडवायची रीतच नव्हती. ते उशाशी बसले. आबांनी डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं. दोघांपैकी कुणी काही बोललं नाही. मामूंनी ओठ ओले केले, थोड्या वेळानं परत केले, आणि त्यांच्याच बारीत आबा गेले.

मग तो पेच पडला. सासूबाई रडता रडता थांबल्या आणि मामूंच्या हाताकडे बघत राहिल्या. आपल्या घरातला पितळी चमचा, आणि जाणार त्या घरी. मामूही अवघडून उभे होते, चमचा खाली ठेवता येत नव्हता आणि घेऊन निघायचा धीर होत नव्हता. तेव्हा तू पुढं झालीस. नुकतीच कॉलेजात जायला लागलेली, डोळे सुजलेले. म्हणालीस, "मामू, तुमच्या बारीत गेले आबा. न्या तुमचा चमचा." त्यांनी खिशातून रुमाल काढला, चमचा गुंडाळला आणि गेले. त्यानंतर दोन्ही घरं गळ्यात गळा घालून राहिली, असं काही झालं नाही. बोलणं बंद होतं ते बंदच राहिलं.

पुढं मामूही गेले. त्यांच्या बायको चाँदखाला घर विकून किराडपुऱ्यात पोरांकडे राहायला निघाल्या, तेव्हा तू सुट्टीवर आली होतीस. त्यांनी तुला ओट्यावर बोलावून तो रुमाल हातात दिला. म्हणाल्या, "बेटी, अब इधर बारी कौन लगाता? तू रख ले. अमानत है." खरंच होतं ते. गल्लीत भाडेकरू भरले होते, माणसं दवाखान्यात मरायला लागली होती. तू चमचा रुमालासकट बॅगेत टाकलास आणि जहाजावर घेऊन गेलीस.

जहाजाच्या गोष्टी तुझ्यासारख्या मला आता कुणी सांगणार नाही. पहिल्या सफरीला परदेशी जहाज, खोलीत सोबतीला नॉर्वेची एक बाई. नळ आला की घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायचं, हे आपल्या शहराच्या माणसाच्या हाडात बसलेलं असतं. तू कुठून तरी दोन बादल्या पैदा केल्यास आणि काठोकाठ भरून पलंगाशी ठेवल्यास, न जाणो उद्या पाणी नाही आलं तर. जहाज कललं आणि त्या बाईची गादी, बूट, कागद सगळं भिजून चिंब. चहूकडे समुद्र आणि पोरगी बादली भरून ठेवते, ही चूक मुकुंदवाडीच्या पोरीशिवाय जगात कुणी करणार नाही, असं मी चिडवलं की तू म्हणायचीस, "शेजारच्या शेंद्र्याची बी करंल, वहिनी."

तुझं काम काय ते तू मला भाकरी थापताना समजावलं होतंस. समुद्रात नळकांडी सोडायची. ती आपोआप खोल जातात, पाण्याचा ताप घेत घेत वर येतात, वर आली की उपग्रहाला आकडे सांगतात आणि परत बुडतात. जपानची असोत, ऑस्ट्रेलियाची असोत, आपली असोत, सगळ्यांची मोजणी एका ठिकाणी जमा होते आणि ज्याला पाहिजे त्याला बघता येते. कुठं पोवळी पांढरी पडली, कुठल्या कासवाच्या पाठीवरचं यंत्र गप्प झालं, कुठं खोल पाण्यातला प्राणवायू संपत चालला, ज्याला दिसेल त्यानं सगळ्यांना कळवायचं. दडवायचं नाही. मी विचारलं, देशादेशांची भांडणं तर रोज पेपरात वाचतो, मग हे कसं चालतं? तू म्हणालीस, "बोलणं बंद असलं तरी बारी बंद नसती, वहिनी. आपल्या गल्लीगतच हाय." तव्यावरची भाकरी करपली त्या दिवशी.

जहाजावर यंत्रापुढं बसायच्या बाऱ्या लागायच्या. तू उठताना पुढच्याच्या हातात चमचा द्यायला लागलीस. आधी सगळे हसले. मग एकेकाला सवय लागली, आणि एखाद्या दिवशी तू विसरलीस तर तेच हात पुढं करायला लागले. एक जपानी म्हातारे होते, तू त्यांना काका म्हणायचीस. ते दोन्ही हातांनी चमचा घेऊन, मान लववून, तू शिकवलेलं "घेतला" म्हणायचे. ती गादी भिजलेली बाईसुद्धा म्हणायची. आपल्या गल्लीत मेलेली रीत तू अशी पाण्यावर जगवलीस, आणि सासूबाईंना वाटायचं पोरगी मासे मोजते.

नसरीन कराचीची, तीही समुद्र मोजणारी. तुमची गाठ पडायची ती तिसऱ्याच देशात, परिषदेपुरती. पहिल्यांदा कोलंबोत, जेवताना तिला कुणी आग्रहानं भात वाढायला लागलं आणि ती म्हणाली, "नक्को, बस." तुझी मान गर्रकन वळली, ती बोली आपल्या गल्लीतली. तिची आजी पोलीस अ‍ॅक्शननंतर औरंगाबाद सोडून गेलेली. घर, गल्ली, कबरी सगळं इथं टाकून गेलेली, सोबत बोली तेवढी नेलेली. तू तिला चमचा दाखवलास, रीत सांगितलीस, आबा दारात उभे होते तेही सांगितलंस. ती कितीतरी वेळ तो हातात धरून बसली, आणि परत देताना म्हणाली की माझं नाव पण बारीत घाल.

एरवी तुम्हा दोघींना एकमेकींशी बोलणं सोपं नव्हतं. दोघी सरकारी नोकर, दोघींवर नजरा. पण ती तिच्या किनाऱ्यावरून होडीनं जाऊन पाणी मोजायची आणि तिचे आकडे सगळ्यांच्या मोजणीत येऊन पडायचे. सीमेवरच्या बातम्या बिघडल्या की तू सकाळी उठून आधी ते उघडायचीस. आकडे दिसले की चहाचा कप हातात घ्यायचीस आणि म्हणायचीस, "आली मोजणी. म्हंजी हाय ती."

आता आपल्या भांडणाचं. तू लक्षद्वीपवरून परस्पर आमच्याकडे आली होतीस. पोवळ्यांचं अख्खं रान पांढरं पडलेलं बघून आली होतीस. जेवणावर लक्ष नव्हतं. पांढरं पडलं की त्यातले मासे कुठं जातात ते तू सांगायला लागलीस आणि मध्येच थांबलीस. म्हणालीस, इतकी वर्षं मी नुसता ताप मोजतेय, आणि तो चढतोच आहे. मी म्हणाले, मग मोजता कशाला? सगळं जग मिळून एका आजाऱ्याची नाडी धरून बसलंय आणि औषधाच्या नावानं बोंब. तू म्हणालीस, आबांना तरी कुठं औषध होतं, तरी गल्ली बसलीच ना?

मला ते सहन झालं नाही. मी म्हणाले, "आबा दुखण्यानं गेले, कुंदा. समुद्राला मारायलेत. मारणारे तुला दिसायलेत आन तू बघत बसली. आबा बी दारात उभं राहून बघतच व्हते."

तू ताटावरून उठलीस, हात धुतलास आणि खोलीत गेलीस. सकाळच्या गाडीनं निघून गेलीस, डबा न घेता. मी ते शब्द परत घेतले नाहीत. आज तू नाहीस म्हणूनही घेणार नाही, कारण ते खोटे नव्हते. सगळ्या देशांचे शहाणे लोक मिळून ओरडून सांगत होते आणि धूर सोडणारे, घाण ओतणारे, तळ खरवडून मासळी उपसणारे तिकडं ढुंकून बघत नव्हते, हे तूच मला वर्षानुवर्षं सांगत आलीस. माझा राग तुझ्यावर नव्हता. पण समोर तू होतीस, आणि समुद्राचे मारेकरी काही माझ्या स्वयंपाकघरात जेवायला येत नव्हते.

मग तुझीच फुप्फुसं आवळत चालली. गोव्याचं घर सोडून तू आमच्याकडे आलीस. रान केव्हाच गेलेलं, गल्लीतलं घर पाडून तिथं इमारत झालेली, तिच्यातल्याच फ्लॅटमध्ये, आतल्या खोलीत तुझी खाट टाकली. तू म्हणालीस, "मह्या समुद्रागतच झालं बघ. खाली प्राणवायू न्हाई." असलं काही तू हसत बोललीस की मला थोबाडीत मारावंसं वाटायचं. बोटाला प्राणवायू मोजायचा तो चिमटा लावून आकडा बघायचं काम माझ्याकडे होतं. कमी आला की मी थोडा चढवून सांगायचे. तुला फसवणं मला कधी जमलंय? तू बोट सोडवून घेतलंस आणि म्हणालीस, "मोजणारानं दडवायचं नसतं. आला तसा सांग." तिथून पुढं मी आला तसा सांगितला. मुलांना नापास करताना मला कधी एवढं जड गेलं नव्हतं.

उशाशी बसायला आम्ही दोघंच म्हातारी. शेजारी वाईट नाहीत, पण दार लावून घेतलं की त्यांना बाहेरचं काही ऐकू येत नाही. तेव्हा तू फोन उशीला टेकवून उभा करायला सांगितलास. तुझी विद्यार्थिनी अनघा, तिनं गोव्यात बसून सगळ्यांच्या वेळा जुळवल्या. जपानात उजाडलं की ते काका, आता स्वतःच नाकात नळी घातलेले. नॉर्वेची बाई विणकाम घेऊन बसायची, बोलायची नाही, नुसता सुयांचा आवाज यायचा. केरळचा एक जण भजनाच्या चालीत काहीतरी गुणगुणायचा आणि तू डोळे मिटून त्याला बेसूर म्हणायचीस. नियम तूच केलास. फोनवर जो असेल, बारी त्याची. चमचा मी त्याच्या वतीनं धरायचा, आणि बारी बदलली की पुढच्यानं तिकडून "घेतला" म्हणायचं. मी कुरकुरले, हे काय नाटक लावलंय, फोनमधून ओठ ओले होतात का? तू म्हणालीस, "वलं करायला तू हायस ना. त्यांला बघू दे."

त्यातल्याच एका संध्याकाळी तू ते जुनं भांडण काढलंस. मला वाटत होतं तू विसरलीस. म्हणालीस, "आबा दारात उभे व्हते वहिनी, पर त्यांनी हाक मारली न्हाई. मी हाका मारल्या. जन्मभर मारल्या."

मी म्हणाले, "ऐकल्या का कुणी?"

तू हसलीस. हसण्यानं खोकला आला, खोकल्यानं दम लागला, मी धावले, चिमटा लावला, आणि तुझं पुढचं वाक्य राहून गेलं. काय होतं ते, कुंदा? भांडी घासताना मी तुझ्या वतीनं उत्तरं बनवते आणि मीच खोडते. एकही तुझ्यासारखं होत नाही.

नसरीनची बारी आली तेव्हा बातम्या पुन्हा बिघडलेल्या होत्या. अनघानं तिला कळवलं होतं की तुम्ही राहू द्या, दुसरं कुणी बसेल. ती आली. कुठून, कसा फोन लावलाय ते विचारू नका, एवढंच म्हणाली. सकाळची वेळ, बऱ्याच दिवसांनी नळ आलेला, तुझे दादा खाली मोटर लावायला गेलेले. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. पांढरे केस, जाड चष्मा, माझ्या शाळेतल्या कुठल्याही बाईसारखी. "घेतला," ती म्हणाली, स्पष्ट मराठीत. मग विचारलं, "भाभी, कितना आया?" मी आला तसा सांगितला. ती हलक्या आवाजात काहीतरी दुवा म्हणत राहिली, तिच्या आजीकडून आलेलं असावं. मी तुझे ओठ ओले केले. तू श्वास सोडलास आणि पुढचा घेतला नाहीस.

चिमट्यावर आकड्याच्या जागी रेघा आल्या. खाली टाकी भरून वाहायला लागली, पाणी फाटकातून रस्त्यावर गेलं. एरवी बादलीभर पाण्यासाठी एकमेकांची आई-बहीण काढणारी इमारत, त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. तुझे दादा वर येऊन उंबऱ्यातच बसले. फोनमधून नसरीन म्हणाली, "भाभी, चम्मच नीचे तो नहीं रखा?"

मी म्हणाले, नाही.

"मेरा है वो," ती म्हणाली, आणि मग रडली.

तर असं आहे. चमचा नसरीनचा, आणि नसरीन कराचीत. टपाल जात नाही, मी पोस्टात विचारून आले. खिडकीतल्या पोरानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी पिशवी छातीशी धरून बाहेर आले. तिसऱ्या देशात परिषद होणार होती, अनघा तिथं नेऊन देणार होती, तर नसरीनला निघायची परवानगी मिळाली नाही. गेलेल्याच्या घरात तो ठेवायचा नाही, आणि माझं घर तेच तुझं घर. तुझे दादा म्हणतात देव्हाऱ्यात ठेव. देव्हारा काय घराबाहेर आहे? मी तो दिवसभर कनवटीला खोचते आणि निजताना मुठीत धरते. शेजारीण मला येड लागलं समजते. समजू दे.

पहिले काही दिवस नसरीनचा रोज सकाळी एक निरोप यायचा. "भाभी, चम्मच?" मी लिहायचे, "हातात." एवढंच. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. मग एका सकाळी निरोप आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मी लिहिलेलं तिकडं पोचलंय की नाही ते कळेना. टीव्हीवर माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडत होती. आपल्याशी बोलल्याबद्दल तिला कुणी त्रास दिला असेल का? तिचं काही बरंवाईट झालं असेल का? कुणाला विचारू? तिच्या घरच्या एकाचंही नाव मला माहीत नाही.

आणि मग मला तुझी सकाळची सवय आठवली, कुंदा. मी अनघाला फोन लावला. म्हटलं, नसरीनच्या बाजूची मोजणी आली का बघ. तिनं उघडून बघितलं. म्हणाली, "काकू, आलीय. आज सकाळचीच आहे, होडीवरची."

मी कनवटीचा चमचा काढून मुठीत धरला. अनघा विचारत होती, काकू, बऱ्या आहात ना? मी म्हणाले, आकडा वाच. ती म्हणाली, चांगला नाही काकू, कशाला? मी म्हणाले, आला तसा वाच. तिनं वाचला. पाण्याचा ताप चढलेला आहे, गेल्या साली याच सुमाराला होता त्याहून जास्त. खालचा प्राणवायू आणखी उतरलाय. सगळं तू म्हणाली होतीस तसंच, तुझी एकही हाक कुणी ऐकल्याची खूण त्यात नाही. मी तुला दारात उभी असलेली म्हणाले होते. ते भांडण मी अजून सोडलेलं नाही, पुढच्या जन्मी ताटावर बसून पुरं करू. पण त्या पाण्यावर आज सकाळी एक पांढऱ्या केसांची बाई होडीतून गेली, तिनं मोजलं आणि दडवलं नाही, म्हणून ती जिवंत आहे हे मला मुकुंदवाडीत कळलं.

आता रोज सकाळी मीच अनघाला फोन लावते. ती आकडा वाचते. मला त्यातलं काही उमगत नाही, नुसतं वाईट एवढं समजतं. ऐकून झालं की मी "घेतला" म्हणते आणि मग चहा ठेवायला उठते. आजही आली मोजणी, कुंदा. नसरीन आहे. चमचा तिचा आहे, आणि मी तो खाली ठेवलेला नाही.